बत्तीस नंबरचं घर

तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात उज्वलाबाईंच्या शाळेचा पहिला नंबर आला, तो भंगारातल्या एका तुकड्यामुळं. बाईंना मात्र हे नंतर कळलं, आणि कळलं तेव्हा नांदेडचं जिल्ह्याचं प्रदर्शन तोंडावर आलं होतं.

बाई मूळच्या लातूरच्या. बी.एस्सी. तिथंच केली, रसायन घेऊन. त्या काळी लातूरच्या गल्ल्यांत आजच्यासारख्या क्लासच्या पाट्या नव्हत्या. कॉलेजच्या प्रयोगशाळेत एक जाड कापडी आवर्तसारणी टांगलेली असायची, कडेनं उंदरांनी कुरतडलेली. शेवटची काही मूलद्रव्यं तिच्यात छापलेलीच नव्हती, कारण ती अजून सापडायची होती. शाळेत ज्यांनी बाईंना विज्ञान शिकवलं ते गुरुजी तर हायड्रोजनला उदजन म्हणायचे आणि नायट्रोजनला नत्रवायू. ती नावं पुस्तकातून गेली, गुरुजीही गेले. बाईंच्या तोंडातून मात्र शिकवताना अधूनमधून उदजन निघून जाई आणि पोरं एकमेकांकडं बघत.

नोकरी नांदेड जिल्ह्यात, जिल्हा परिषदेच्या शाळांतून. बदल्या होत होत त्या पुन्हा नायगाव तालुक्यातल्या त्याच गावी आल्या होत्या जिथं त्यांनी तरुणपणी पहिल्यांदा खडू हातात धरला. येत्या मे महिन्यात त्या निवृत्त व्हायच्या होत्या. मुख्याध्यापकांचं नाव निवृत्ती, आणि त्यांची नोकरी अजून बरीच शिल्लक. "नाव माझं अन् काम तुमचं," असं ते दर दोन दिवसांनी म्हणत आणि स्वतःच हसत.

बाईंची एकच हौस राहून गेली होती. इतक्या वर्षांत त्यांच्या हाताखालचा एकही प्रयोग तालुक्याच्या पुढं गेला नव्हता. कधी दुसरा नंबर, कधी नुसतं कौतुक. निदान शेवटच्या वर्षी नांदेडला जावं, आणि नांदेडहून राज्याच्या प्रदर्शनात आपल्या शाळेची पाटी लागावी, एवढंच त्यांना वाटे. बोलून दाखवत नसत, पण शाळेत सगळ्यांना ते ठाऊक होतं.

दहावीतल्या लुबनालाही ठाऊक होतं. आवर्तसारणीचा तक्ता करायचं ठरलं तेव्हा तिनंच तोंड उघडलं.

"मॅडम, चित्रं सगळेच काढतेत. आपण खरंखुरं ठेवू."

"खरं म्हणजे?"

"म्हंजे लोखंडाच्या घरात लोखंड, तांब्याच्या घरात तांबं. काडेपेट्या चिकटवायच्या अन् एकेकात एकेक. आमच्या दुकानात काय कमी हाय का?"

दुकान म्हणजे तिच्या वडलांचं, जिलानीचं, भंगाराचं. बस स्टँडच्या मागं पत्र्याचं आवार, दारात छोटा हत्ती टेम्पो. हा जिलानीही एकेकाळी बाईंच्याच वर्गात होता. अणू म्हणजे काय, असं विचारल्यावर "लई बारीक" एवढं सांगून खाली बसला होता. उत्तर चूक नव्हतं, म्हणून बाईंनी त्याला मारलंही नव्हतं. आठवीनंतर शाळा सुटली आणि तो बापाच्या गाड्यामागं लागला.

काडेपेट्यांची सारणी भिंतीएवढी झाली. पेटीवर मूलद्रव्याचं नाव, खूण आणि अणुअंक, आणि आत ते मूलद्रव्य. कार्बनला कोळसा, गंधकाला गंधक, जस्ताला संपलेल्या सेलचं टरफल, कथलाला कल्हईवाल्याकडून आणलेली कांडी, चांदीला कुणाच्या तरी पैंजणाचं घुंगरू. जे मिळण्यासारखं नव्हतं तिथं फोटो डकवला. एका मुलीनं सोडियमच्या घरात मीठ आणून टाकलं, ते बाईंनी परत केलं.

"मिठात सोडियम आहे, पण ते एकटं नाही. क्लोरीनशी संसार थाटलाय त्यानं. संसारी माणसाला इथं घर नाही."

"म्हंजे इथं सगळे बिनलग्नाचेच," लुबना म्हणाली, आणि वर्ग हसला.

नायगावला तालुक्याच्या प्रदर्शनात परीक्षक म्हणून आले ते रामलिंग सर, एका कॉलेजातले तरुण प्राध्यापक. सारणीपुढं ते बराच वेळ रेंगाळले. मग चौथ्या ओळीतल्या बत्तीस नंबरच्या पेटीशी थांबले. आत प्लास्टिकच्या पिशवीत करडा-पांढरा तुकडा होता, सुपारीएवढा.

"हे जर्मेनियम? खरंच?"

"हाव सर," लुबना म्हणाली. "आमच्या भंगारातलं हाय."

सरांनी बाईंकडं वळून पाहिलं. "कमाल आहे मॅडम. मी एम.एस्सी. झालो तरी हे फोटोतच बघितलंय."

बाईंनी पेट्या आदल्या दिवशी घाईघाईत तपासल्या होत्या. जुन्या रेडिओतल्या ट्रान्झिस्टरमध्ये जर्मेनियम असायचं, हे त्यांना माहीत होतं, आणि भंगारात जुने रेडिओ येणारच. एवढा मोठा तुकडा कसा, असं क्षणभर मनात आलंही. पण पुढ्यातला माणूस कौतुक करत असला की मनातली शंका आपसूक मागं सरकते. संध्याकाळी पहिला नंबर जाहीर झाला. निवृत्ती सरांनी सगळ्यांना पेढे दिले.

नांदेडला सारणी न्यायची तर टेम्पो लागणार, म्हणून बाई एका दुपारी जिलानीच्या दुकानी गेल्या. त्यानं लगबगीनं खुर्ची पुसली, चहा सांगितला. आवारात माल निवडून ठेवलेला होता. एकीकडं पत्रा, एकीकडं बीड म्हणजे ओतीव लोखंड, तांब्याची गुंडाळी, पितळ. त्याच्या पलीकडं खिडक्यांच्या चौकटी, आणि त्याहून पलीकडं चेपलेली पातेली, डबे, परातींचा ढीग. पातेल्यांच्या ढिगापाशी लुबना उकिडवी बसून झाकणाच्या मुठी काढत होती.

"आता ह्या ढिगाला कुणी हात लावाचा न्हाई," जिलानी हसून म्हणाला. "ह्यानंच तुमचा पहिला नंबर आणला की."

"ह्यानं?"

"ह्याच्यातूनच तर दिला तुकडा. जर्मन."

बाईंच्या हातातला कप बशीवर टेकला.

जर्मन म्हणजे ॲल्युमिनियम. मराठवाड्यात हे कुणाला सांगावं लागत नाही. बाईंच्या लहानपणी लातूरच्या बाजारात ही भांडी नव्यानं आली तेव्हा त्यांची आई पितळेची जड घागर बाजूला ठेवून ह्या हलक्या पातेल्याला भुलली होती. कल्हईची कटकट नाही, उचलायला फुलासारखं. नाव कुठून पडलं कोण जाणे. कुणी म्हणे आधी जर्मनीहून यायचं, कुणी म्हणे जर्मन सिल्व्हरचं लोकांनी जर्मन केलं. बाई स्वतः घरी "जर्मनचं पातेलं" म्हणत आणि शाळेत "ॲल्युमिनियम". दोन शब्द दोन ठिकाणी ठेवायची इतकी सवय, की ते कधी एकमेकांसमोर आलेच नव्हते.

"लुबना," त्या म्हणाल्या, "हे ॲल्युमिनियम आहे गं."

लुबनानं मान वर केली. "न्हाई मॅडम. ॲल्युमिनियम ते हाय." तिनं खिडक्यांच्या चौकटींकडं बोट केलं. "ते मी तेरा नंबरला ठेवलंय. हे जर्मन हाय. जर्मेनियम."

"दोन्ही एकच."

"एक कसं असंल?" आता जिलानी मध्ये पडला. "मॅडम, बाप होता तवापासून दोन ढीग अलग हायत. दोन्हीचा भाव अलग. कारखानदार अलग घेते. कुणी मिसळून दिलं तर तो माल परत धाडते. मी आजवर मिसळला न्हाई."

"मी कुठं म्हणते मिसळलास?"

"तसंच झालं की. गावात काय म्हणतेल, जिलानीनं पोरीला खोटा माल दिला?"

तो हसत नव्हता. बाईंच्या ध्यानात आलं की ह्या माणसाच्या धंद्याची सगळी पत त्या दोन ढिगांमधल्या मोकळ्या जागेवर उभी आहे. नुसतं "पुस्तकात असं आहे" म्हणून भागणार नव्हतं.

"हातोडा आण," त्या म्हणाल्या.

त्यानं हातोडा आणला. बाईंनी पातेल्याचा एक तुकडा दगडावर ठेवायला लावला. "जर्मेनियम दिसायला धातूसारखं, पण स्वभाव काचेचा. ठोकलंस तर तुकडे उडतील. हाण."

जिलानीनं हाणला. तुकडा चपटा झाला. आणखी हाणला, आणखी पसरला. मग चौकटीचा तुकडा ठेवला. तो जरा चिवट निघाला, पण तोही वाकला, फुटला नाही.

"दोन्ही वाकले," लुबना म्हणाली. "म्हणून दोन्ही एकच, असं कसं? तांबंपण वाकतंय."

बाईंना एवढ्या सगळ्यातही बरं वाटलं. "बरोबर. एवढ्यानं फक्त हे जर्मेनियम नाही, इतकंच कळलं." मग त्यांनी न्हाणीघराची मोरी साफ करायचा कॉस्टिक सोडा मागवला, काचेच्या दोन पेल्यांत पाणी घेऊन जपून विरघळवला, आणि दोन्ही तुकडे खरवडून एकेकात सोडले. थोड्या वेळानं दोन्ही तुकड्यांवरून बुडबुडे निघायला लागले. तांब्याची तार टाकली, ती नुसती पडून राहिली. "सोडा ॲल्युमिनियमला खातो, तांब्याला नाही," बाई म्हणाल्या.

"मग भाव अलग का?" जिलानीनं विचारलं. आवाज जरा खाली आला होता.

"चौकटीच्या मालात कणखर करायला थोडं मॅग्नेशियम, थोडं सिलिकॉन मिसळलेलं असतं. पातेल्यात जवळजवळ नाही. म्हणून कारखानदार वेगळं घेतो. तुझे ढीग बरोबर आहेत. पण दोन्हीतला मुख्य अणू एकच. त्याच्या पोटात, केंद्रकात, तेरा प्रोटॉन. भोवती इलेक्ट्रॉन..."

"दोन, आठ, तीन," लुबना पुटपुटली.

"आणि जर्मेनियमचे?"

"बत्तीस. दोन, आठ, अठरा, चार."

"मग? पातेलं ठोक, वितळव, चौकट कर, विमान कर. तेराचे बत्तीस होणार नाहीत."

लुबना पेल्याकडं बघत राहिली. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "म्हंजे नंबर माझ्या चुकीनं आला."

"तुझी चूक अगदीच वेडी नव्हती," बाई म्हणाल्या. "जर्मेनियमचं नावही जर्मनीवरूनच पडलंय. पण मी तपासायला हवं होतं."

शाळेत परतल्यावर त्यांनी निवृत्ती सरांना सांगितलं. सरांनी आधी दार लावलं.

"मॅडम, झाकली मूठ सव्वा लाखाची. फोटो डकवा तिथं एखादा अन् गप निघा नांदेडला. तालुक्याला कोण विचारतंय आता?"

"पहिला नंबर त्या तुकड्यावर दिलाय सरांनी."

"एकट्या तुकड्यावर देतेत होय? बाकी अख्खी भिंत काय रिकामी होती?" मग आवाज उतरवून ते म्हणाले, "तुमचं शेवटचं वर्ष हाय. दुसऱ्या नंबरवाल्याला धाडलं तर काय करसाल?"

तीच तर बाईंना धास्ती होती. रात्रभर विचार करावा असं ते प्रकरण नव्हतं, पण फोन लावायला त्यांनी दुसऱ्या दिवसाची मधली सुट्टी येऊ दिली हे खरं.

बाईंनी रामलिंग सरांना सगळं सांगून टाकलं. सर म्हणाले, "पातेलं?"

"पातेलं."

"मॅडम, माझ्या घरी पण जर्मनच म्हणतात. मी हातात धरलं होतं ते. इतकं हलकं लागलं, तरी ट्यूब पेटली नाही." ते थोडं हसले, पण हसू लगेच आवरलं. "हे आता कमिटीला सांगावं लागेल. त्यात माझंही नाव निघणार."

"निघणार. माझंही निघेल."

दोन दिवस काही निरोप आला नाही. त्या दोन दिवसांत बाईंनी दुसऱ्या नंबरच्या शाळेचा ठिबक सिंचनाचा प्रयोग मनातल्या मनात चारदा नांदेडला जाताना पाहिला. तिसऱ्या दिवशी रामलिंग सरांचा फोन आला. त्या एका पेटीचे गुण वजा करून बघितले होते. पहिला नंबर जेमतेम टिकला होता. सारणी नांदेडला जाणार होती, पण चूक सुधारून.

सुधारायची कशी, ह्यावर वर्गात वाद झाला. फोटो डकवा, असं सगळ्यांचं म्हणणं. लुबना ऐकेना. तिनं जर्मनचा तुकडा उचलून तेरा नंबरच्या पेटीत चौकटीच्या तुकड्याशेजारी ठेवला. घर तसं लांब नव्हतं, एक ओळ वर आणि एक घर डावीकडं. मग रिकाम्या बत्तीस नंबरच्या पेटीत तिनं स्वतःच्या अक्षरात एक कार्ड लावलं: "या घरात आधी आम्ही जर्मन ठेवलं होतं. ते जर्मेनियम नव्हतं. ते आता तेरा नंबरला राहायला गेलं आहे. जर्मेनियम आमच्याकडे नाही."

निवृत्ती सरांनी ते वाचून कपाळाला हात लावला. बाईंना ते कार्ड काढायला सांगावंसं वाटलं. राज्याच्या प्रदर्शनात जायचं तर आपल्याच चुकीची पाटी कोण लावून घेतं? पण पोरीनं शब्द इतके सरळ लिहिले होते की कुठला खोडावा ते सुचेना.

नांदेडला टेम्पो पोचला तेव्हा शाळेच्या मैदानावर मांडव गजबजला होता. शेजारच्या टेबलावर मुदखेडच्या पोरांनी आपोआप सुरू होणारा मोटरपंप मांडला होता, लाल-हिरवे दिवे लावून. गर्दी तिथंच. परीक्षक आले ते तिघं. पंपापाशी थांबले, बटणं दाबली, मोबाईलवर काहीतरी बघितलं. मग सारणीपुढं आले. त्यातल्या बाई वयानं मोठ्या, चष्मा कपाळावर चढवलेल्या. त्यांनी कार्ड वाचलं, पुन्हा वाचलं.

"जर्मन म्हणजे आपलं पातेल्याचं?"

"हाव मॅडम."

"मग ते नव्हे हे कळलं कसं?"

लुबनानं सांगितलं. हातोडा, सोडा, बुडबुडे, पडून राहिलेली तार, दोन ढीग आणि त्यांचे दोन भाव. मध्येच ती शाळेतली भाषा विसरून दुकानातल्या भाषेत शिरली, आणि तिला कुणी थांबवलं नाही.

"हे घर रिकामं ठेवायची कल्पना तुझी?"

"ठेवायला काय नव्हतंच, म्हणून."

परीक्षकबाई बाकी दोघांकडं वळल्या. "मेंडेलीव्हनं सारणी मांडली तेव्हा हेच घर रिकामं होतं," त्या म्हणाल्या. "इथं कोणी तरी असणार, असा असा असणार, एवढं लिहून ठेवलं होतं त्यानं. माणूस सापडला पंधराएक वर्षांनी." उज्वलाबाईंना हे पाठ होतं, कित्येक वर्षं शिकवलेलं होतं. तरी दुसऱ्याच्या तोंडून, ह्या पेटीसमोर ऐकताना त्यांना वाटलं, आता जमलं. राज्य नक्की.

दुपारी निकाल लागला. राज्याला पंप गेला. सारणीला उत्तेजनार्थ.

बाई खुर्चीवर बसून राहिल्या. वाईट वाटलं, चांगलंच वाटलं. ते लपवायला त्यांनी पर्समध्ये उगीच काहीतरी शोधलं. फोटो डकवला असता तर? तरी पंपच गेला असता बहुतेक. पण "बहुतेक" हा शब्द आता जन्मभर सोबत राहणार होता, हेही त्यांना कळलं.

जिलानी टेम्पोची दोरी खांद्यावर टाकून आला. "मॅडम, उत्तेजनार्थ म्हंजे कितवा नंबर?"

"त्याला नंबर नसतो."

"मग कशाला देतेत?"

"पुन्हा या म्हणून."

"तुम्ही तर रिटायर होऊन राहिलात," जिलानी म्हणाला, आणि बोलून गेल्यावर जीभ चावली.

"हो. मी नाही येणार."

त्यानं विषय बदलायला सारणीकडं पाहिलं. "काढू का? वाटेत अंधार पडंल."

बाई उठल्या. पण सारणीपुढं जायला वाट नव्हती. निकाल लागल्यावर पंपाचे दिवे बंद झाले होते आणि मोकळी झालेली पोरं इकडं सरकली होती. कार्ड कुणीतरी मोठ्यानं वाचत होतं, बाकीची हसत होती. लुबनानं तेरा नंबरचे दोन्ही तुकडे बाहेर काढून एका मुलीच्या तळहातावर ठेवले होते.

"वाकव की. घाबरती कशाला, पातेलंच हाय."

"आमच्याकडंपण ह्याला जर्मनच म्हंतेत," ती मुलगी म्हणाली.

"म्हणू दे. नाव काय बी ठेव. प्रोटॉन मोज."

"ते कसं मोजायचं?"

लुबनानं बाईंकडं बघितलं. हे पुस्तकात नव्हतं. बाईंनी पर्स पुन्हा खुर्चीवर ठेवली.

"जिलानी, दोरी खाली ठेव जरा," त्या म्हणाल्या, आणि पोरांमधून वाट काढत सारणीशी गेल्या.